सोलापूर नुसतं स्टेशन, जंक्शन का नाही? महामार्ग, बायपास आणि राहून गेलेली जोड

सातरस्ता
रविवार, रात्री ९.१०

मागच्या आठवड्यात आईला घेऊन धाराशिवला मावशीकडे गेलो होतो. गुडघ्यांमुळे आईला एसटीची पायरी चढवत नाही, म्हणून म्हटलं रेल्वेने जाऊ. सोलापूरहून धाराशिव रस्त्याने जेमतेम ७० किलोमीटर, उत्तरेला. रेल्वेने जायचं तर आधी पुण्याच्या दिशेने कुर्डुवाडी गाठायची, तेच ८० च्या आसपास किलोमीटर होतं. तिथं उतरायचं, लातूरच्या लाइनची गाडी धरायची, मग बार्शी, मग धाराशिव.

कुर्डुवाडीला जिन्याच्या मधल्या टप्प्यावर आई कठडा धरून उभी राहिली. दुसऱ्या हातात शेंगाचटणी आणि कडक भाकरीची पिशवी, ती काही माझ्याकडे देईना. खाली पुढची गाडी लागलेली दिसत होती आणि मी मनातल्या मनात उरलेल्या पायऱ्या मोजत होतो. तेवढ्यात तिनं विचारलं, "तुळजापूर आपल्या घरापासून हाकेवर, धाराशिव त्याच्या पुढं. मग आपण पुण्याच्या वाटेला कशाला लागलो रे?"

मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर नकाशा उघडून बसलो, जुनं-नवं वाचलं, त्यातून जे कळलं ते इथं मांडतोय. चुकलं असेल तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

सोलापूरला रेल्वे १८६० साली आली. बोरघाटातली लाइन १८६३ मध्ये पुरी झाली, म्हणजे मुंबईहून सलग गाडी यायच्या आधीच इथून पुण्याला गाडी जात होती. १८७१ पर्यंत ती पुढे रायचूरला पोचली. पण एवढ्या वर्षांत शहरातून गेली ती ही एकच रेघ. पुण्याकडून आली, वाडीकडे गेली. बाजूला फुटणारे सगळे फाटे गावाबाहेर. दक्षिणेचा फाटा १५ किलोमीटरवर होटगीला फुटतो आणि विजापूर, गदगकडे जातो, तो १८८४ पासून तिथंच आहे. पंढरपूर-मिरज आणि बार्शी-लातूर हे दोन्ही फाटे कुर्डुवाडीला. होटगी जंक्शन, कुर्डुवाडी जंक्शन, आणि ज्याच्या नावाने मध्य रेल्वेचा अख्खा विभाग चालतो ते सोलापूर नुसतं स्टेशन!

पंढरपूरचंही तेच बघा. रस्त्याने ७५ किलोमीटरच्या आत. रेल्वेने परत कुर्डुवाडी आणि तिथून मागे वळून ५२ किलोमीटर. एका बाजूला विठोबा, दुसऱ्या बाजूला भवानी, अक्कलकोटला स्वामी, मध्ये सिद्धेश्वराचं आपलं गाव. आणि सोलापूरच्या माणसाला रेल्वेने पंढरपूरला जायचं तर वळसा, तुळजापूरला तर रेल्वेच नाही.

आता रस्ते. जुने नंबर ज्यांना आठवतात त्यांना पटेल, महामार्गांच्या बाबतीत आपण फार मोठं जंक्शन होतो. ९ नंबर पुण्याहून हैदराबादला इथून जायचा. १३ नंबर इथून सुरू व्हायचा, थेट मंगळूरपर्यंत. २११ नंबरही इथूनच सुरू व्हायचा, धुळ्यापर्यंत. दोन राष्ट्रीय महामार्गांचा शून्य किलोमीटर आपल्या गावात होता. नंबर बदलले तेव्हा ९ चा ६५ झाला, आणि १३ चा विजापूरपर्यंतचा भाग व २११ एकाच ५२ नंबरात गेले, जो पंजाबातल्या संगरूरहून कारवारकडच्या अंकोल्याला जातो. शिवाय रत्नागिरी-कोल्हापूर-सांगलीकडून मंगळवेढ्यामार्गे येणारा १६६ आहे आणि अक्कलकोटचा १५०ई. एवढे रस्ते एका गावात येतात, पण गावाबाहेरून ते एकमेकांना पुरते भेटत नाहीत.

केगाव-हत्तूर बायपास झाला ही मोठी गोष्ट, ते नाकारत नाही. पुण्याकडून विजापूरला जाणारी गाडी आता शहरात शिरत नाही. पण तो पश्चिमेच्या अंगाने गेला. आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत, म्हणजे नेमका उलट्या टोकाला. हैदराबादकडून विजापूरला निघालेल्या गाडीने बायपास धरायचा म्हटलं तर आधी उत्तरेकडून अख्ख्या शहराला वेढा घालून केगावला जायचं आणि मग परत दक्षिणेला उतरायचं. कोण जाईल? पूर्वेच्या अंगाने हैदराबाद रोड, अक्कलकोट रोड, होटगी रोड आणि विजापूर रोड यांना बाहेरच्या बाहेर जोडणारा पुरेसा रुंद रस्ता हवा. माझ्या मते या घडीला सोलापूरला दोनच गोष्टी सगळ्यात आधी हव्यात, ही पूर्वेची जोड आणि तुळजापूरची रेल्वे. बाकी सगळं त्यानंतर.

तुमचं मत सांगा.

दहाचाकी
रविवार, रात्री १०.०२

सातरस्ता भाऊ, मनातलं लिहिलंत. माझ्या दोन गाड्या आहेत, एक मी स्वतः चालवतो.

लोक आम्हाला शिव्या घालतात की ट्रकवाले गावात घुसतात. अहो, घुसायची हौस कुणाला आहे? गावात घुसलं की क्लच आणि डिझेल दोन्ही जळतं, वर नो एंट्रीची वेळ असली की नाक्यावर तासन्‌तास गाडी लावून बसायचं. पण माल जिथं उतरायचा तिथं जावं लागतंच. डिसेंबर-जानेवारीत मार्केट यार्डाकडे येऊन बघा. कांद्याच्या गाड्यांची रांग. नगरकडून, मराठवाड्यातून, खाली कर्नाटकातून, सगळीकडून कांदा सोलापूरला येतो. आवक एवढी होते की कधीकधी लिलाव एक-दोन दिवस बंद ठेवावे लागतात. मग त्या गाड्या जाणार कुठं? रस्त्यातच.

कर्नाटकातून, विजापूर रोडने आलेल्या कांद्याच्या गाडीला मार्केट यार्ड गाठायचं तर दोनच वाटा. एक तर पश्चिमेचा बायपास धरून केगाव, पुणे नाका, तुळजापूर नाका करत यायचं, नाहीतर सरळ गावातून. रात्री दोन वाजता ड्रायव्हर थकलेला असतो, क्लीनर झोपलेला असतो, तो सरळ नाक समोर धरून जातो. पूर्वेकडून रस्ता दिलात तर एक गाडी गावात येणार नाही, हे मी लिहून देतो.

जुळेसोलापूर
रविवार, रात्री १०.३८

आसरा पुलाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

माझा मुलगा नववीत आहे, क्लासला सायकलने जातो. खाली रेल्वे, वर हा पूल, आणि जुळे सोलापूर एवढं वाढलं तरी पुलाची रुंदी तीच. संध्याकाळी सहा वाजता एका बाजूने सिटीबस, दुसऱ्या बाजूने उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या जोडलेल्या, आणि मध्ये ही पोरं. उसाची मोळी बाहेर आलेली असते, ती पोरांच्या डोक्याच्या उंचीला येते. मी रोज सव्वासातला गॅलरीत उभी असते. सायकलची घंटी ऐकू आली की मगच कणीक मळायला घेते.

दहाचाकी दादा, तुमचा राग नाही. तुम्हाला वाट नाही हे कळतं. पण आमच्या पोरांनाही वाट नाही.

रस्तेबांधणी_पुणे
रविवार, रात्री ११.२५

मूळचा सोलापूरचा, जुन्या बोरामणी नाक्याजवळचा. स्थापत्य अभियंता आहे, सध्या पुण्यात. सातरस्ता यांनी मांडलेलं बरोबर आहे. थोडी तांत्रिक भर घालतो.

शहरातून जाणाऱ्या जड वाहनांचे तीन प्रकार असतात. एक, ज्यांचा शहराशी काही संबंध नाही. दोन, ज्यांचा माल शहरात उतरतो किंवा चढतो. तीन, जी शहराच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जातात, म्हणजे एमआयडीसीतून विजापूर रोडला, मार्केट यार्डातून होटगी रोडला. बायपास पहिल्या प्रकाराला उपयोगी पडतो. तिसऱ्या प्रकाराला वर्तुळ पूर्ण झालेलं लागतं. अर्धवर्तुळ कितीही चांगलं बांधलं तरी त्याची दोन टोकं शहरातूनच जोडली जातात. सोलापूरचं नेमकं हेच झालं आहे.

दुसरा मुद्दा उड्डाणपुलांचा. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला, या दोन उड्डाणपुलांची चर्चा मी कॉलेजात होतो तेव्हापासून ऐकतोय. ते व्हायला हवेत की नको यावर वाद घालत नाही. पण क्रम महत्त्वाचा आहे. उड्डाणपूल गर्दीला वरून पुढच्या चौकात नेऊन सोडतो, ती शहराबाहेर काढत नाही. आधी बाहेरचं वर्तुळ पूर्ण करा, मग जी वाहनं आत उरतील त्यांच्यासाठी किती लांबीचा आणि कुठे पूल लागतो ते मोजा. तसं न करता बांधलेला पूल एक तर अपुरा पडतो, नाहीतर वाया जातो. आणि शहराच्या मधोमध त्याच्यासाठी जी घरं-दुकानं पाडावी लागतात, त्यांचा मोबदलाच एवढा होतो की काम वर्षानुवर्षं अडतं.

तिसरा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जास्त सलतो. बायपास झाला की त्याच्या कडेने लगेच प्लॉट पडतात. आधी ढाबा, मग पंक्चरचं दुकान, मग मंगल कार्यालय, मग सोसायटी. प्रत्येकाला महामार्गावर थेट उतरायला वाट हवी असते. दहा-पंधरा वर्षांत बायपास हा शहरातलाच एक रस्ता होतो आणि लोक नव्या बायपासची मागणी करू लागतात. पुणे-हैदराबाद रस्त्याचा उत्तरेकडचा भाग बघा. पुणे नाका ते तुळजापूर नाका ते मार्केट यार्ड, एकेकाळी ही गावाची कड होती. आज तिच्या दोन्ही बाजूंना गाव आहे. म्हणून पूर्वेचा रस्ता मागताना त्याच दमात सर्व्हिस रोड, ठरावीक ठिकाणीच प्रवेश आणि गावकऱ्यांसाठी भुयारी मार्ग हेही मागा. नंतर मागितलेलं मिळत नाही.

बांधकामाचा वेग ही अडचण नाही, हे मात्र लक्षात घ्या. सोलापूर-विजापूर ११० किलोमीटर चौपदरीकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये एका लेनचं २५.५४ किलोमीटर डांबरीकरण १८ तासांत केलं होतं, त्याची नोंद लिम्का बुकात आहे. म्हणजे यंत्रं आहेत, माणसं आहेत, कौशल्य आहे. काम अडतं ते जागेवर आणि निर्णयावर.

टेंभुर्णी_चौक
सोमवार, सकाळी ७.४५

सगळे बायपास मागताय, आमचंही ऐका. आमचं जुन्या रस्त्याला हॉटेल होतं, आजोबांपासून. पुण्याहून निघालेली गाडी चहाला थांबायचीच. महामार्ग गावाबाहेरून गेला आणि गिऱ्हाईक निम्म्याहून कमी झालं. वडिलांनी तीन वर्षं ओढलं, मग बंद केलं. नव्या रस्त्यालगत जागा घ्यायची ऐपत नव्हती. तिथं ज्यांनी घेतली ते बाहेरचे पैसेवाले.

बायपास नको असं म्हणत नाही. बसस्टँडसमोर रस्ता ओलांडताना माणसं मरायची, ते थांबलं. पण ज्यांची रोजी जाते त्यांना नव्या रस्त्याला एक टपरीएवढी तरी जागा राखून ठेवायला काय हरकत आहे?

सातरस्ता
सोमवार, सकाळी ८.३०

टेंभुर्णी_चौक, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये ही बाजू यायला हवी होती, राहिली. मोबदला फक्त जमीन गेलेल्याला मिळतो, धंदा गेलेल्याची कुठंच नोंद होत नाही. मागण्यांचं पत्र करू तेव्हा हा मुद्दा घालू.

रेल्वेवाले कुणी आहेत का इथं? तुळजापूर लाइनबद्दल जाणून घ्यायचं होतं.

बार्शीलाइट
सोमवार, दुपारी २.१५

आहे की. कुर्डुवाडीचा. वडील नॅरोगेजच्या वर्कशॉपात होते, मी स्वतः रेल्वेत पॉइंट्समन म्हणून लागलो आणि स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालो. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हळूहळू टाइप करतो, सांभाळून घ्या.

सातरस्ता, तुमच्या आईंनी विचारलेला प्रश्न सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी बार्शीच्या व्यापाऱ्यांनीही विचारला असणार. मोठी लाइन टाकली तेव्हा बार्शी बाजूला राहिली. बार्शी म्हणजे मराठवाड्याच्या मालाची बाजारपेठ, कापूस, गळिताचं धान्य, सगळं तिथं उतरायचं. आणि स्टेशन कुठं, तर ३५ किलोमीटरवर. त्याचं नावच 'बार्शी रोड' होतं. म्हणजे बार्शीला जायचं असेल तर इथं उतरा आणि पुढं बैलगाडी बघा. तेच आजचं कुर्डुवाडी.

मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे काढली. अडीच फुटी रूळ, ७६२ मिलिमीटर. १८९७ मध्ये गाडी बार्शीला पोचली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. रूळ अरुंद असले तरी डबे मोठे आणि मजबूत होते, एका आसावर किती भार द्यायचा याचं गणित त्या माणसाने फार बारकाईने बसवलं होतं. पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी त्यातून धडा घेतला. १९५४ ला सरकारने ती लाइन घेतली.

आषाढीला आमच्या लहानपणी कुर्डुवाडी ते पंढरपूर गाडीच्या टपावरसुद्धा वारकरी असायचे. गाडी एवढ्या हळू चालायची की म्हातारी माणसं चढावर उतरून शेजारून चालायची आणि पुढं परत चढायची. वडील घरी यायचे तेव्हा अंगाला तेलाचा आणि कोळशाचा वास असायचा, तो आजही कुठं आला की मी थांबतो. रूळ मोठे झाले, २००८ पर्यंत लातूरची लाइन ब्रॉडगेज झाली, मग पंढरपूर-मिरजही झालं. फार चांगलं झालं. पण लाइन मोठी झाली तरी फाट्याची जागा तीच राहिली, कॅलथ्रॉप साहेबाने कुर्डुवाडीला धरलेली. तो बार्शीचा विचार करत होता, सोलापूरचा नाही. म्हणून तुमच्या आईंना आमच्या जिन्यावर थांबावं लागलं.

आता तुळजापूर लाइन. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव, सुमारे ८४ किलोमीटर. मंजुरी जाहीर झाली २०१९ च्या जानेवारीत. त्याच वेळी सोलापूर-तुळजापूर-धाराशिव चौपदरी रस्ता लोकार्पण झाला होता, म्हणजे रस्ता तयार होता आणि रेल्वे कागदावर होती. निम्मा खर्च राज्याने द्यायचा असं ठरलं. ही लाइन झाली की सोलापूरच्या पाटीवर जंक्शन हा शब्द येईल. पण पाटीचं सोडा. खरी गोष्ट अशी की लातूर, नांदेडकडून येणारी गाडी सरळ सोलापूरला उतरेल आणि होटगीवरून विजापूर, हुबळीला जाईल. आज मराठवाडा आणि उत्तर कर्नाटक यांच्यामध्ये सोलापूर आहे, पण रेल्वेच्या दृष्टीने तिथं भोक आहे.

जुळेसोलापूर
सोमवार, दुपारी ३.०५

काका, फार छान लिहिलंत. डोळ्यांना जपा. एक विचारू का, दुहेरीकरणामुळे नेमका काय फरक पडला? आम्ही नुसतं ऐकतो.

बार्शीलाइट
सोमवार, सायंकाळी ५.४०

ताई, सोपं करून सांगतो. एकेरी लाइन म्हणजे एका गल्लीतून दोन बैलगाड्या समोरासमोर येणं. एकीला थांबावंच लागतं. भिगवण ते मोहोळ हा आमच्याकडचा तसला भाग होता. मी एका छोट्या स्टेशनावर ड्युटीला होतो. रात्री एक गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर घ्यायची, समोरची पास करायची, मग हिला सिग्नल द्यायचा. एक गाडी वीस मिनिटं उशिरा आली की तिच्या मागच्या पाच गाड्यांना धक्का. खिडकीतून लोक ओरडायचे, "मास्तर, किती वेळ?" मी काय सांगणार, माझ्या हातात काय होतं? समोरच्या स्टेशनवरून लाइन क्लिअर मिळेपर्यंत मीही त्यांच्यासारखाच वाट बघणारा.

२०२२ मध्ये शेवटचा तुकडा जोडला गेला आणि विजेचं कामही झालं. मगच १० फेब्रुवारी २०२३ ला मुंबई-सोलापूर वंदे भारत सुरू होऊ शकली. साडेचारशे किलोमीटर साडेसहा तासांत. लोक गाडीचं कौतुक करतात, रंग बघतात, फोटो काढतात. मी त्या दिवशी खाली दुसऱ्या रुळाकडे बघत होतो. सिद्धेश्वर, हुतात्मा या गाड्या वेळेवर येतात त्याचं श्रेयही त्या दुसऱ्या रुळाचं. होटगी-गदग लाइनचंही दुहेरीकरण हाती घेतलं, म्हणजे दक्षिणेची वाटसुद्धा मोकळी होणार. राहिली उत्तरेची.

दहाचाकी
सोमवार, रात्री ९.२०

मास्तर, गल्लीतल्या बैलगाडीचा दाखला भारी. आमचं त्याच्या उलट झालं सप्टेंबरात.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा मी पुण्याहून परत येत होतो. मोहोळच्या पुढं गाड्या थांबल्या. लांबोटीला सीनेचं पाणी पुलाला लागलेलं, पोलिसांनी महामार्ग बंद केला. चार पदर रस्ता, पण पुढं जायला एक वीतही नाही. रात्रभर ताडपत्रीखाली बसलो. पाठीमागच्या गाडीत टोमॅटो होता, त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं. तिकडं विजापूर रोडलाही हत्तूर, वडकबाळच्या बाजूला तीच सीना आडवी, तोही बंद. म्हणजे पश्चिम आणि दक्षिण दोन्ही वाटा एकाच नदीने एकाच वेळी बंद केल्या.

दुसऱ्या दिवशी गावाकडच्या माणसांनी भाकऱ्या आणून दिल्या. ज्यांच्या स्वतःच्या घरात पाणी होतं, त्यांनी.

रस्तेबांधणी_पुणे
सोमवार, रात्री १०.१०

दहाचाकी, तुम्ही सांगितलेलं फार महत्त्वाचं आहे आणि मी ते माझ्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. पुणे रस्ता आणि विजापूर रस्ता दोन्ही सीना ओलांडतात. म्हणून पूर्वेची जोड ही नुसती गर्दीची सोय राहत नाही. पुरात मार्केट यार्ड, एमआयडीसी आणि दवाखाने यांना अक्कलकोट, हैदराबाद, तुळजापूर या तिन्ही बाजूंनी आपसात जोडणारी वाट लागते. नवा रस्ता आखताना ओढे-नाल्यांवर मोऱ्या किती रुंद ठेवता यावर पुढची ५० वर्षं अवलंबून असतात. भराव टाकून उंच रस्ता केला आणि खाली पाण्याला वाट ठेवली नाही, तर रस्ता वाचतो आणि शेजारचं शेत बुडतं. ज्यांची जमीन जाणार आहे त्यांनी आखणीच्या वेळीच हे विचारलं पाहिजे, कारण पावसात पाणी कुठून वाहतं हे त्यांच्याइतकं कुठल्याच नकाशाला माहीत नसतं.

तामलवाडीकर
मंगळवार, सकाळी ६.५०

नमस्कार मंडळी. दोन दिवस वाचायलोय, आज लिहितो. आमचं शेत तुळजापूर रोडच्या आत, त्या नव्या रेल्वेच्या वाटंवर.

पहिल्यांदा रस्ता चार पदरी झाला तवा आमची दीड एकर गेली. पैसे मिळाले, खोटं बोलत नाही. पण रानाचे दोन तुकडे झाले. विहीर या बाजूला, निम्मं रान त्या बाजूला. बैल पलीकडं न्यायचे तर दुभाजक तुटलेला जिथं हाय तिथवर जायचं, गाड्या अंगावर येतात. शेवटी बैल विकले. आता रेल्वे येणार म्हणल्यावर गावात दोन मतं हायती. पोरं म्हणतात येऊ दे, तुळजापूरला लोक येतील, रोजगार व्हईल. म्हातारी म्हणतात परत तुकडे कशाला.

मी पोरांच्या बाजूचा हाय. कारण सांगतो. कोजागरीला आमच्या दारावरनं आख्खं सोलापूर चालत जातंय तुळजापूरला. कर्नाटकातनंबी येतात. त्या दिवशी ह्या रस्त्यावर गाड्या बंद असतात, सगळा चार पदरी रस्ता माणसांनी भरलेला. आम्ही दरवर्षी रात्री दुधाचं पातेलं आणि पाण्याचा टँकर लावतो. मागच्या साली पहाटे एक बाई आली, पाठीवर चार वर्षांचं लेकरू, पायाला फडकं बांधलेलं. विजापूरच्या पुढनं आलेली. दूध दिलं तर म्हणली आधी लेकराला. परत कशी जाणार विचारलं तर म्हणली, "बस मिळंल तशी, न्हाई मिळाली तर चालत." चालत येणं तिचा नवस होता, ते तिचं तिला. पण जाताना तरी तिला गाडीत बसून जायला मिळावं की नको?

म्हणून जमीन द्यायला मी तयार हाय. फक्त इंजिनिअर सायबांनी म्हणल्यासारखं बैलगाडी आणि ट्रॅक्टर जाईल एवढा बोगदा आमच्या पाणंदीला पायजे. रस्त्याच्या टायमाला मागितला न्हाई, कुणी इचारलंबी न्हाई. एकदा चुकलो.

सातरस्ता
मंगळवार, सकाळी ९.१५

तामलवाडीकर काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली त्या बाईचं लेकरू कसं आहे विचार.

सगळ्यांचं मिळून पत्र तयार करतोय. पूर्वेचा रस्ता आखायच्या आधी वाहनांची रीतसर मोजणी, आसरा पुलाचं रुंदीकरण, बायपासवर ठरावीक प्रवेश, जुन्या रस्त्यावरच्या धंदेवाल्यांना जागा, मोऱ्यांची रुंदी आखणीच्या वेळीच ठरवणं, आणि रेल्वेखाली पाणंदीचे बोगदे. काका, तुमच्या पाणंदीचा गट नंबर मला निरोपात पाठवा, पत्रात नेमका लिहू. मोजणी होऊन गेली का तुमच्याकडे?

तामलवाडीकर
मंगळवार, सकाळी ११.३०

व्हय. माणसं आली, फीत लावली, दगड रोवून गेली. त्याला बी लई दिवस झाले, परत कुणी आलं न्हाई. रान पडीक ठेवायचं तर खायचं काय, म्हणून दगड सोडून बाकीचं पेरलंय. शाळूची ज्वारी हाय, आता पोटरीत आलीय. दगड दिसत न्हाईत त्यात, पण मला कुठं हायत ते ठाऊक हाय. गट नंबर पाठवतो.